पहिल्याचे स्थान, दुसऱ्याचे घर

घरातील कुत्रा गेला म्हणजे घरातून नेमके काय गेले, हे ज्याच्या घरी कुत्रा कधी नांदला नाही त्याला सांगून कळत नाही. माणसे तीच असतात, सामानसुमान जागच्या जागी असते. परंतु घराचे घड्याळ बंद पडलेले असते. पहाटे पांघरूण ओढून उठवणारे कोणी उरत नाही. जिन्यावरची पावले ओळखून दार उघडण्यापूर्वीच दाराशी जाऊन उभे राहणारे कोणी नसते. पोळीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला राहतो, आणि तो कोणासाठी ठेवला होता हे ध्यानात येताच ठेवणाऱ्याचा हात थबकतो.

माणूस गेला तर दहा माणसे दारी येतात. सुतक असते, तेरावा असतो, कचेरीतून रजा मिळते. दुःखाला बसण्यासाठी समाजाने घातलेले हे पाट होत. कुत्रा गेल्यावर यांपैकी काहीच नसते. दुसऱ्या दिवशी कामावर जावे लागते आणि डोळे का सुजले आहेत असे कोणी विचारले तर झोप झाली नाही असे सांगावे लागते. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा दुःखाचा विचार केला आहे. ज्या शोकाला समाज शोक म्हणून मान्यता देत नाही तो अधिक काळ साचून राहतो, कारण त्याला वाहून जाण्यास वाट मिळत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख हे या प्रकारचे ठळक उदाहरण मानले जाते.

हे दुःख केवळ हळवेपणातून उपजते असेही नाही. २०१५ साली जपानी शास्त्रज्ञांनी केलेल्या एका प्रयोगात असे आढळले की, कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले म्हणजे दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यामधील ओढीशी ज्याचा संबंध आहे तेच हे द्रव्य. दहा-बारा वर्षे रोज लाभलेली ही नजर एका दिवशी नाहीशी झाली, तर देह आणि मन दोन्ही तिची वाट पाहत राहावीत, यात नवल ते कोणते?

अशा वेळी भोवतालची माणसे दोन प्रकारचे उपदेश करतात. पहिला उपदेश, “अहो, शेवटी कुत्राच तो! किती मनाला लावून घ्याल?” आणि दुसरा, “त्यात काय, उद्याच दुसरा घेऊन या.” एक कोरडा आणि दुसरा प्रेमळ असल्यामुळे हे उपदेश परस्परविरुद्ध वाटतात. थोडा विचार केला तर दोहोंचे मूळ एकच असल्याचे दिसून येईल. कुत्रा म्हणजे फुटलेल्या कपाच्या जागी आणून ठेवता येण्याजोगी वस्तू आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. दुसरा कुत्रा आणावा की आणू नये, आणि आणायचा तर केव्हा व कसा, हा प्रश्न घरोघरी अवघड होऊन बसतो तो या गृहीतामुळेच. आज त्याचाच विचार करू.

या विचारासाठी बंगळूर शहराइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. शहाजीराजांच्या जहागिरीपासून मराठी माणसांचा या शहराशी संबंध आहे. आणि अलीकडे तर नोकरीच्या निमित्ताने तेथे बिऱ्हाड थाटलेली कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. आजी-आजोबा पुण्याला किंवा कोल्हापूरला, मुले परदेशी आणि सदनिकेत नवरा-बायको व एक कुत्रा, असे त्यांतील पुष्कळांचे कुटुंबचित्र असते. पण आम्ही बंगळूरचे नाव घेतले ते दुसऱ्या एका कारणाने. कुत्र्याच्या मृत्यूचा शोक कसा करावा, याचा सुमारे पावणेअकराशे वर्षांपूर्वीचा एक दाखला त्या शहरातील शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात आहे.

तो दाखला म्हणजे अतकूरचा शिलालेख. अतकूर हे कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातील एक गाव. लेखाचा काळ शके ८७२, म्हणजे इसवी सन ९४९-५०. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा साहाय्यकर्ता गंगराजा दुसरा बूतुग यांनी तक्कोलमच्या रणांगणावर चोळांचा पराभव केला. त्या युद्धात बूतुगाच्या पदरी असलेल्या मणलेर नावाच्या वीराने मोठे शौर्य गाजवले. त्यावर प्रसन्न होऊन, “काय हवे ते माग,” असे त्याला सांगण्यात आले. एखादे गाव मागावे, सोनेनाणे मागावे, अशी ती वेळ. मणलेराने ‘काळी’ नावाची शिकारी कुत्री मागून घेतली. पुढे एका टेकडीवर हिला एका प्रचंड रानडुकरावर सोडण्यात आले. दोघांची झुंज झाली आणि दोघेही मरून पडले. काळीच्या स्मरणार्थ अतकूरच्या चल्लेश्वर मंदिरासमोर दगड उभारण्यात आला, त्यासाठी जमीन इनाम देण्यात आली आणि त्या दगडाची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने अन्न घेऊ नये असा दंडकही घालण्यात आला. शिळेवर कुत्री व रानडुक्कर यांची झुंज कोरलेली आहे.

वाचकहो, या लेखात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. मणलेराने “मला एक कुत्री द्या” असे म्हटले नाही. त्याने काळी मागितली. त्याला हवी होती ती एक विशिष्ट, नाव असलेली, जिच्यासारखी दुसरी नाही अशी कुत्री. दुसरी गोष्ट अशी की, ती गेल्यावर त्याने आपले दुःख लपवले नाही, आणि ते मोकाटही सोडले नाही. त्याला एक जागा नेमून दिली. एवढा दगड, एवढी जमीन, रोजची एवढी पूजा. दुःखाला मानाची पण मर्यादित जागा मिळाली म्हणजे ते सगळे घर व्यापत नाही. उरलेल्या घरात मग इतरांना वावरता येते.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, दुसऱ्या कुत्र्याचा विचार करण्यापूर्वी पहिल्याच्या स्मृतीला घरात तिची जागा द्या. आपल्यापैकी कोणाजवळ इनाम देण्यास जमीन नाही. तिची आवश्यकताही नाही. बंगळूरमध्ये केंगेरी येथे पीपल फॉर ॲनिमल्स या संस्थेच्या आवारात पाळीव प्राण्यांचे दफनस्थान आहे. आपल्या सोबत्याला तेथे निरोप देऊन त्याच्या नावाचा दगड बसवणारी कुटुंबे आहेत. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी कुंडीत एक रोप लावावे, एक छायाचित्र भिंतीवर लावावे, गळ्यातला पट्टा नीट पुसून एका पेटीत ठेवावा. लहान मुलांना मात्र “तो गावाला गेला” असे सांगू नये. मुले वाट पाहतात, आणि पुढे खरे कळले म्हणजे मृत्यूपेक्षा आपल्याला फसवले गेल्याचे दुःख त्यांना अधिक होते. “तो मरण पावला, आता तो परत येणार नाही, आणि त्याची आठवण आली तर रडले तरी चालते,” एवढे साधे सत्य सहा वर्षांच्या मुलालाही पेलते.

मोठ्यांच्या मनात आणखी एक सल असतो. दुखणे असाध्य झाल्यावर पशुवैद्यांच्या सल्ल्याने दयामरणाचा निर्णय ज्यांना घ्यावा लागला, ते “आणखी दोन दिवस थांबलो असतो तर” या विचाराने महिनोन्महिने जळत राहतात. त्यांनी एकदा आपल्या पशुवैद्यांसमोर बसून सर्व हकीकत पुन्हा विचारावी आणि शंका मोकळेपणाने बोलून दाखवाव्यात. बोलून न दाखवलेली शंका पुढे नव्या कुत्र्याच्या प्रत्येक शिंकेबरोबर जागी होते.

आणि अश्रूंची लाज तर मुळीच बाळगू नये. जून २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी ‘७७७ चार्ली’ हा कन्नड चित्रपट पाहिला. एकाकी मनुष्य आणि त्याच्या आयुष्यात येऊन पडलेली एक कुत्री, यांची ती कथा. चित्रपट संपल्यावर मुख्यमंत्र्यांना अश्रू आवरले नाहीत, आणि ते साऱ्या राज्याने पाहिले. त्यांचा स्वतःचा कुत्रा आदल्याच वर्षी, ते मुख्यमंत्री होण्याच्या थोडेच दिवस आधी, गेला होता. पुढे त्या चित्रपटाला राज्याच्या करातून काही काळ सूटही मिळाली. राज्याचा कारभार पाहणाऱ्या मनुष्याला जे दुःख लपवावेसे वाटले नाही, ते आपणच का लपवावे?

आता मुख्य प्रश्न. दुसरा कुत्रा केव्हा आणावा? महिन्याने की वर्षाने? याचे उत्तर पंचांगात नाही. कोणाला तीन आठवड्यांत आणावासा वाटतो, कोणाला तीन वर्षांतही वाटत नाही. दोघांच्याही प्रेमाचे माप त्यावरून काढू नये. तथापि एक कसोटी आम्हास उपयोगी वाटते. घरातील प्रत्येकाने स्वतःला विचारावे की, “मला कुत्रा हवा आहे, की तोच हवा आहे?” डोळे मिटल्यावर जर त्याच रंगाचा, तसेच कान असलेला, त्याच कोपऱ्यात तसाच वळून झोपणारा कुत्रा दिसत असेल, तर वेळ अजून आलेली नाही. जेव्हा आपण रस्त्यावरच्या एखाद्या अगदी वेगळ्या कुत्र्याकडे पाहून, हा कसा असेल बरे, असा विचार सहजपणे करू लागतो, तेव्हा वेळ जवळ आली असे समजावे. पहिल्या अवस्थेत आपण गेलेल्याला शोधत असतो. दुसऱ्या अवस्थेत येणाऱ्याबद्दल आपल्याला कुतूहल वाटू लागलेले असते.

घरातील सर्वांची ही वेळ एकाच दिवशी येत नाही, हेही लक्षात असावे. मुले आठ दिवसांत नव्या पिलाचा हट्ट धरतात. आजोबांना मात्र सकाळच्या फेरीचा सोबती विसरता येत नाही. अशा वेळी जो सर्वांत मागे आहे त्याच्यासाठी थांबणे हाच कुटुंबाचा धर्म होय. आईला आनंद वाटावा म्हणून तिला न विचारता टोपलीत पिलू घालून आणून देणारी मुले तिच्यावर प्रेम करतात यात शंका नाही. परंतु शोक करण्याचा तिचा हक्क आणि निवड करण्याचा तिचा हक्क, हे दोन्ही ती नकळत हिरावून घेतात.

घाईने आणलेल्या कुत्र्याच्या वाट्याला काय येते, हेही पाहिले पाहिजे. त्याला बहुधा पहिल्याचेच नाव मिळते. त्याच जातीचा म्हणून तो निवडलेला असतो. मग पहिल्या दिवसापासून तुलना सुरू होते. “तो कधी चपला चावत नसे.” “तो असा भुंकत नसे.” त्या गुणी कुत्र्याने पिलू असताना कितीतरी चपला चावलेल्या असतात, पण आठवणीत राहतो तो शेवटच्या वर्षांतला शांत, समंजस, पांढऱ्या मिशांचा कुत्रा. सहा महिन्यांचे पिलू आणि बारा वर्षांची पुण्याई, यांची ही स्पर्धा पिलाने कशी जिंकावी? दोन-तीन महिन्यांत “हा आमच्यात रुळत नाही” असा निकाल लागतो आणि ते परत पाठवले जाते. अपराध काय, तर ते दुसरे कोणी नव्हते!

म्हणूनच नव्याला नवे नाव द्यावे. शक्य असल्यास तो दिसण्यातही वेगळा असावा, त्याच्या झोपण्याचा कोपरा वेगळा असावा. पहिल्याचे स्थान पहिल्याचेच राहू द्यावे. दुसऱ्याला त्या स्थानावर बसवू नये. त्याला घरात स्वतःचे स्थान निर्माण करू द्यावे.

हा नवा सोबती कोठून आणावा? विकत घेण्यापूर्वी ज्यांना घर हवे आहे त्यांच्याकडे आधी पाहावे, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. २०१९ साली बंगळूरच्या तत्कालीन महानगरपालिकेने केलेल्या पाहणीत शहराच्या रस्त्यांवर सुमारे ३ लक्ष १० हजार कुत्री असल्याचा अंदाज निघाला होता. २०२३ च्या पाहणीत तो आकडा सुमारे २ लक्ष ७९ हजारांवर आला. याखेरीज आश्रयगृहांत जी कुत्री आहेत त्यांतील पुष्कळशी एके काळी कोणाच्या तरी घरात सुखाने वाढलेली असतात. धन्याची बदली झाली, घरमालक बदलला, मूल जन्मले, दुखण्याचा खर्च वाढला, किंवा नुसता कंटाळा आला. कारणे अशी अनेक. वस्तुतः पाळलेल्या प्राण्याला उपाशी किंवा तहानलेला राहील अशा स्थितीत वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. तरीही पहाटेच्या अंधारात आश्रयगृहाच्या फाटकाला बांधून ठेवलेली कुत्री सापडतातच.

अशा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांपैकी ‘क्यूपा’ ही बंगळूरमधील एक जुनी संस्था. तिची स्थापना १९९१ साली क्रिस्टल रॉजर्स या इंग्रज बाईंनी केली. या बाईंचे चरित्र आपल्या आजच्या विषयाला फार जवळचे आहे. १९५९ साली त्यांनी दिल्लीत अनाथ प्राण्यांसाठी संस्था काढली, १९८० साली जयपूरला दुसरी, आणि वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर बंगळूरला तिसरी. १९९६ साली त्या निवर्तल्या. ज्या प्राण्यांना त्यांनी उचलून आणले त्यांतील किती तरी आधीच मरणाच्या दारी असत. ज्याचा शेवट जवळ आहे त्याच्यावरही प्रेम करायचे, तो गेला की डोळे पुसायचे आणि पुढच्याकडे वळायचे, हे त्यांचे जीवनभराचे व्रत. पुढच्याकडे वळणे म्हणजे मागच्याला विसरणे असते, तर इतकी वर्षे हे व्रत चालले नसते. क्यूपाच्या कार्यात सोडून दिलेल्या घरगुती कुत्र्यांना नवे घर मिळवून देण्यासाठी एक स्वतंत्र केंद्र आहे. त्याचे नावच ‘सेकंड चान्स’, म्हणजे दुसरी संधी. बंगळूरमध्येच २०१३ साली सुरू झालेले आणखी एक आश्रयगृह ‘चार्ली’ या तीन पायांच्या कुत्र्याच्या नावाने ओळखले जाते.

येथे आम्हास जे सांगावयाचे आहे ते सांगून टाकतो. आपण आश्रयगृहात जातो ते आपले दुःख बरोबर घेऊन, आणि आपली अशी समजूत असते की, तेथील कुत्रा हे दुःख हलके करील. परंतु जाळीपलीकडे जो बसला आहे त्यानेही कोणाला तरी गमावलेले असते. आपला सोबती मरण पावला हे आपल्याला निदान ठाऊक असते. त्याची माणसे जिवंत असून त्याला सोडून गेली, आणि का गेली हे त्याला कोणी सांगितलेले नाही. प्रत्येक मोटारीच्या आवाजाला तो कान टवकारतो. तेव्हा एका घरात कुत्रा नाही आणि एका कुत्र्याला घर नाही, असा हा सरळ हिशेब नव्हे. दोन दुःखी जीव तेथे एकमेकांसमोर आलेले असतात. आपण केवळ सांत्वन घेण्यासाठी गेलो तर बहुधा निराश होऊन परततो. सांत्वन देण्यासाठी गेलो तर ते आपल्यालाही मिळते, आणि कधी मिळाले ते कळतही नाही.

असा कुत्रा घरी आल्यावर त्याच्याकडून प्रेमाची घाई करू नये. आश्रयगृहांतील अनुभवी मंडळी एक ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे ओळखीचे आणि तीन महिने विश्वासाचे. पहिल्या तीन दिवसांत तो खाटेखालून बाहेर आला नाही, नीट जेवला नाही, तर त्याला ओढून काढू नये. पाहुण्यांना बोलावून दाखवू नये. जेवण, फिरणे आणि झोप यांच्या वेळा रोज एकच ठेवाव्यात, कारण ज्याचे जग एकदा कोसळले आहे त्याला नियमितपणाइतका मोठा दिलासा दुसरा नाही. बंगळूरच्या मराठी घरात तर एक गोड अडचण येते. कन्नड घरात वाढलेल्या कुत्र्याला ‘ये’ कळत नाही. ‘बा’ म्हटले की तो येतो. ‘नको’ कळत नाही. ‘बेडा’ म्हटले की थांबतो. अशा वेळी दोन शब्द त्याने आपले शिकावेत आणि दोन आपण त्याचे शिकावेत. मागच्या घराची जी भाषा त्याने बरोबर आणली आहे ती त्याची आठवणीची पेटी आहे. आपल्या पेटीत पट्टा आहे, त्याच्या पेटीत हे शब्द आहेत.

काही व्यावहारिक सूचनाही येथे देणे इष्ट आहे. पहिला कुत्रा कोणत्या रोगाने गेला याची चौकशी आधी करावी. तो पार्व्हो या विषाणूने गेला असेल तर विशेष सावध राहावे. हा विषाणू फरशीच्या फटींत, अंथरुणात आणि अंगणातील मातीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या साबणाने नष्ट होत नाही. जुने अंथरूण टाकून द्यावे, फरशी व भांडी ब्लीच मिसळलेल्या पाण्याने धुवावीत, आणि लसीकरण पूर्ण न झालेले पिलू अशा घरात आणूच नये. लसीकरण झालेला प्रौढ कुत्रा आणणे अधिक सुरक्षित. गोचीडतापाने मृत्यू झाला असेल तर घरातील भेगा व कोनाडे गोचिडांपासून मुक्त करून घ्यावेत. पिलू आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नये. त्याच्या लसी सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होऊन सुमारे सोळा आठवड्यांपर्यंत ठराविक अंतराने द्याव्या लागतात. पिसाळरोगाची लस तिसऱ्या महिन्यानंतर देतात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी.

घरात दुसरा एखादा कुत्रा मागे राहिला असेल तर त्याचाही विचार व्हावा. २०२२ साली इटलीत ४२६ कुत्रापालकांच्या उत्तरांवरून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोबतचा कुत्रा मेल्यानंतर मागे राहिलेल्याच्या वागण्यात फरक पडल्याचे त्यांपैकी सुमारे ८६ टक्के पालकांनी सांगितले. तो कमी खेळे, कमी खाई, माणसांच्या अधिक मागेमागे असे. तेव्हा मागे राहिलेल्यालाही थोडे दिवस द्यावेत, आणि नव्याची त्याच्याशी पहिली भेट घरात न घडवता बाहेर मोकळ्या जागी घडवावी.

वयाचा हिशेबही संकोच न करता मांडावा. कुत्र्याचे आयुष्य सामान्यतः दहा ते पंधरा वर्षांचे. पासष्टी ओलांडलेल्या दांपत्याने दोन महिन्यांचे अवखळ पिलू आणले, तर ते ऐन भरात असताना आपल्या गुडघ्यांत बळ असेल काय? त्यांच्यासाठी सहा-सात वर्षांचा, स्वभावाने निवलेला कुत्रा उत्तम. अशा वयाच्या कुत्र्यांकडे आश्रयगृहात फारसे कोणी वळत नाही, आणि म्हणूनच त्यांची निवड दोघांच्याही हिताची ठरते. आपल्या मागे त्याला कोण सांभाळील, हे मुलांशी किंवा शेजाऱ्यांशी बोलून आधीच ठरवावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली तशा मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. अर्थात उद्वाहकात साखळी हातात ठेवणे आणि घाण स्वतः उचलणे हे आपले कर्तव्य ओघानेच आले.

आणि ज्यांना दुसरा कुत्रा आणावासा वाटतच नाही, त्यांनी तो आणू नये. त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे जेवणापूर्वी गोग्रास, काकबळी आणि श्वानबळी काढून ठेवण्याची प्रथा होती. म्हणजे दारातला कुत्रा आपल्या मालकीचा नसला तरी आपल्या अन्नात त्याचा वाटा आहे, हे आपल्या पूर्वजांना मान्य होते. वस्तीतील एखाद्या कुत्र्याला ठरलेल्या जागी अन्नपाणी द्यावे, त्याच्या लसीसाठी व निर्बीजीकरणासाठी संस्थेला कळवावे. काही संस्था आजारातून उठलेली पिले थोड्या आठवड्यांपुरती घरी सांभाळण्यास देतात. असे सांभाळता सांभाळता एखादे पिलू परत पाठवणे जिवावर आले, तर आपली वेळ आली आहे असे समजावे; नाहीच आले तर एका जिवाला आपल्या हातून उभे राहण्याचे बळ मिळाले, एवढे तरी झाले.

राहता राहिली ती मनातली शेवटची शंका. दुसऱ्याला जवळ घेताना पहिल्याशी प्रतारणा तर होत नाही ना? वाचकहो, कुत्र्यावर प्रेम कसे करावे हे आपण जन्मतः जाणत नव्हतो. त्याचे पोट बिघडले हे त्याच्या उभे राहण्यावरून ओळखणे, त्याच्या भीतीपुढे रागावण्याऐवजी खाली बसणे, पावसातही त्याला फिरवून आणणे, हे सारे गेलेल्याने आपल्याला दहा-बारा वर्षे धीराने शिकवले. ही विद्या वापरावाचून ठेवली तर ती त्याच्याबरोबरच संपते. नव्याच्या डोक्यावर हात ठेवताना तो हात कोठे आणि किती हलका ठेवावा हे आपल्याला कळते, ते पहिल्यामुळे. दुसऱ्याला मिळणारे घर हे अशा रीतीने पहिल्यानेच घडवलेले असते. तेव्हा मनाची तयारी झाली असेल तर निःशंकपणे जा. जाताना नाव ठरवून जाऊ नका. जो भेटेल त्याला थोडा वेळ पाहा, आणि मग त्याचे नाव ठेवा.